जुने ग्राफिक्स कार्ड : बदलावे की थांबावे?

पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर जिते आणि पेण यांच्यामध्ये हमरापूर नावाचे छोटे स्टेशन आहे. या भागातली हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे गणेशमूर्तींसाठी सगळीकडे ओळखली जातात. जोह्यात पडवीत, अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये साच्यातून काढलेल्या पांढऱ्या मूर्ती रांगेने वाळत ठेवलेल्या दिसतात. बऱ्याच मूर्ती रंग न देता कच्च्याच बाहेरगावचे व्यापारी उचलतात, काहींचे रंगकाम आणि डोळ्यांची आखणी इथेच होते. धंदा आपल्या शेजाऱ्यांचा आहे. पण एवढा मोठा धंदा चालतो तेव्हा त्याच्या भोवतीची कामे सगळ्या पंचक्रोशीत वाटली जातात. टेम्पो, पेंढा, खोकी, छपाई ही जुनी कामे झाली. त्यात आता फोटो आणि व्हिडिओची भर पडली आहे. पूर्वी व्यापारी गावात येऊन मूर्ती हाताळून बघायचा. आता तो आधी व्हॉट्सॲपवर फोटो मागवतो, व्हिडिओ बघतो आणि मग येतो.

पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातल्या आपल्या घरांतही फोटो-व्हिडिओचे काम करणारी मुले आहेत. उन्हाळ्यात निकाह आणि वलीम्याचे शूटिंग, पावसाळ्याच्या तोंडावर मूर्तींचे कॅटलॉग, मधल्या काळात दुकानांचे बॅनर. हे सगळे घरातल्या एकाच संगणकावर चालते. तो संगणक सहा-सात वर्षांचा झाला की एक दिवस मुलगा जेवताना विषय काढतो, ‘ग्राफिक्स कार्ड जुने झाले, बदलावे लागेल.’ किंमत ऐकून अब्बा गप्प होतात, अम्मी दुसऱ्याच खर्चाची आठवण करून देते आणि आखातातला भाऊ फोनवर म्हणतो, ‘घे, मी पैसे पाठवतो.’ घरात या यंत्राचे कुणाला काही कळत नसल्याने निर्णय एक तर लाडाने होतो, नाही तर रागाने. तो माहिती घेऊन व्हावा म्हणून हे चार शब्द.

आधी हे कार्ड करते काय ते पाहू. संगणकाचा मुख्य मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो अवघड कामे एकामागून एक झपाट्याने उरकतो. पडद्यावरचे चित्र लाखो ठिपक्यांचे बनलेले असते आणि प्रत्येक ठिपक्यावर तोच छोटासा हिशेब करावा लागतो. असे सारखे हिशेब एकाच वेळी हजारोंनी करणारे यंत्र म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कार्डाची स्वतःची मेमरीही असते. साध्या एचडी व्हिडिओच्या एका चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोर-के व्हिडिओत सुमारे ८३ लाख. काम बरोबर चौपट होते. २०१८ साली ज्या संगणकावर लग्नाची फिल्म आरामात तयार व्हायची तोच संगणक आज का रडतो, याचे अर्धे उत्तर इथेच आहे. संगणक होता तसाच आहे, कॅमेरे मात्र बदलले.

मात्र प्रत्येक कामात कार्डाला सारखेच काम नसते, आणि पैसे वाया जातात ते नेमके इथे. फोटोशॉपमध्ये मूर्तीच्या मागची पार्श्वभूमी काढणे, रंग सुधारणे, पानावर बारा फोटो मांडणे यात मुख्य भार प्रोसेसर आणि रॅमवर असतो. काही ठरावीक फिल्टर सोडले तर कार्ड बहुतेक वेळ बसून असते. कोरलड्रॉमध्ये बॅनर करणाऱ्याचेही तसेच. डाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये फिल्मचे रंग बसवणाऱ्याची गोष्ट वेगळी. ते सॉफ्टवेअर कार्डावरच चालते म्हटले तरी चालेल, आणि फोर-के फिल्मला कार्डाची ४ जीबी मेमरी पुरत नाही. गेम खेळणाऱ्यालाही कार्ड लागतेच. त्यात आम्हाला काही गैर वाटत नाही, पण गेमसाठी हवे असेल तर घरात तसे स्पष्ट सांगावे. कामाच्या नावाने मागू नये, एवढेच.

एक प्रश्न मूर्तीकामाशी जोडलेला आहे म्हणून त्याचाही उल्लेख करतो. मूर्तीचा पहिला नमुना हाताने मातीत घडतो आणि त्यावरून साचा निघतो. हा नमुना संगणकावर घडवायला शिकावे असे काही मुलांच्या मनात येते, आणि त्यासाठी भारी कार्ड लागेल अशी त्यांची समजूत असते. पण या कामासाठी जगभर वापरले जाणारे झेडब्रश हे सॉफ्टवेअर आपली सगळी मेहनत प्रोसेसर आणि रॅमकडूनच करून घेते. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातही मूर्ती घडवताना भार बराचसा प्रोसेसर-रॅमवर असतो. कार्ड खरे कामाला लागते ते तयार नमुन्याचे प्रकाश-सावलीसह चित्र काढताना. शिकणाऱ्या मुलाने जुन्या कार्डावर निर्धास्त सुरुवात करावी.

आता एका घराचा हिशेब सांगतो, म्हणजे गोष्ट नीट समजेल. घर आमच्या ओळखीचे, पेणच्याच बाजूचे. संगणक २०१८ सालचा. सातव्या पिढीचा कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. हे कार्ड ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात आले. मेमरी ४ जीबी, वीज फक्त ७५ वॅट आणि बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवरची वायर लावावी लागत नाही, म्हणून घरोघरी पोचले. मुलाचे म्हणणे असे की फिल्म अडकत चालते, कॅटलॉगची फाइल उघडायला दोन मिनिटे लागतात, आता तीस हजारांचे कार्ड घ्यावे. त्याच महिन्यात बहिणीची कॉलेजची फी भरायची होती.

त्याच्या अम्मीने विचारलेला प्रश्न आम्हाला फार नेमका वाटला. ‘कार्ड नाही घेतलं तर कोणतं काम परत जाईल, ते सांग.’ मुलाने विचार करून सांगितले, कॅटलॉगचे एकही नाही. दोन कॅमेऱ्यांच्या फोर-के लग्नाची एक-दोन कामे जातील.

मग त्याला आम्ही एक साधी चाचणी करायला सांगितली. पैसे लागत नाहीत, कुणीही करू शकते. जे काम अडते ते सुरू करायचे आणि अडत असतानाच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या तीन कळा एकदम दाबायच्या. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड यांचे आलेख दिसतात. ज्याचा आलेख शंभराला टेकला आहे, अडथळा त्याचा. या मुलाच्या संगणकावर कॅटलॉग उघडताना डिस्क शंभरावर, मेमरी भरलेली आणि कार्ड दहाच्या खाली. कार्ड बिचारे रिकामे बसले होते. फिल्म चालवताना कार्डाचा आलेख वर गेला, पण पहिली बोंब तिथेही रॅमचीच होती.

या चाचणीत जीपीयूच्या पानावर आणखी दोन आकडे बघून ठेवावेत. एक, कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपैकी किती वापरली गेली. ती काठोकाठ भरत असेल आणि सॉफ्टवेअर तसा इशारा देत असेल तर कार्ड खरेच अपुरे आहे, तिथे सफाई किंवा रॅमने काही साधणार नाही. दुसरा आकडा तापमानाचा.

तापमानाकडे जोह्यासारख्या गावात जास्तच लक्ष द्यावे लागते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पूड, पॉलिशपेपरने घासताना उडणारी भुकटी, रंगाच्या फवाऱ्याचे कण हे सगळे हवेत तरंगत असते. संगणकाचा पंखा ही हवा आत ओढतो आणि कार्डावरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांत धूळ अडकते. प्लॅस्टरचा गुणच असा की ओल लागली की ते घट्ट होते. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खाडीची दमट हवा. दोन-तीन वर्षांत पट्ट्यांमध्ये पांढरा थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि या पिढीची कार्डे ८३-८४ अंशांच्या आसपास पोचली की स्वतःहून वेग कमी करतात. मालकाला वाटते कार्ड म्हातारे झाले.

सफाई करताना संगणक बंद करून वायर काढावी, कार्ड बाहेर काढावे, मऊ कोरडा ब्रश आणि ब्लोअर वापरावा. ओले फडके अजिबात नको. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वेड्यासारखे फिरून खराब होते. सहा-सात वर्षांत कार्डाच्या चिपवरची थर्मल पेस्टही वाळलेली असते. ती बदलायला हात सरावलेला लागतो, म्हणून ते काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावे. आणि संगणक कारखान्याच्या शेडमध्ये असेल तर तो तिथून हलवावा. नवे कार्ड आणून त्याच धुळीत बसवले तर तीन वर्षांनी हीच कथा पुन्हा.

त्या घरात सफाई झाली, साध्या हार्ड डिस्कच्या जोडीला एसएसडी बसली, रॅम १६ जीबी झाली. (२०२५च्या अखेरीपासून एआयच्या मोठ्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलल्यामुळे रॅमचे भाव चढले आहेत. तरी आधीच्या रॅमला जुळणारी एक पट्टी वाढवणे नव्या कार्डापेक्षा स्वस्तच पडते.) कॅटलॉगची अडचण तिथेच संपली. फोर-केसाठी त्याला प्रॉक्सीची पद्धत शिकवली. मूळ व्हिडिओच्या लहान, हलक्या प्रती करून त्यांच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी सॉफ्टवेअर आपोआप मूळ व्हिडिओ जोडून फिल्म काढते. रात्री प्रती करायला लावून झोपायचे, सकाळी काम सुरू. शेवटची फिल्म निघायला वेळ तेवढाच लागतो, पण बसल्या बसल्या होणारा मनस्ताप जातो. फी भरली गेली. कार्डाचा निर्णय पुढे ढकलला, रद्द केला नाही.

रद्द का केला नाही, याचे कारण जुन्या कार्डाचे आयुष्य खरोखरच संपत आले आहे. १०५० टीआय, १०६० या दहाच्या मालिकेतल्या कार्डांसाठी एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे ड्रायव्हर बंद केले. त्यापुढे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, त्याही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. कार्ड उद्या बंद पडेल असा याचा अर्थ नाही. मात्र नव्या सॉफ्टवेअरच्या नव्या सोयी त्याला हळूहळू मिळेनाशा होतील. दुसरी अडचण अख्ख्या संगणकाची आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच अधिकृतपणे चालते, म्हणजे या मुलाचा सातव्या पिढीचा प्रोसेसर एका पायरीने राहिला. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे, तिथे नोंदणी मात्र करावी लागते. अशा संगणकात तीस हजारांचे कार्ड बसवणे म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवरी लादी. कार्ड उद्याच्या नव्या संगणकात नेता येते हे खरे, पण मग कोणते कार्ड घ्यायचे ते त्या संगणकाकडे बघून ठरवावे.

घ्यायचेच ठरले तर पहिली नजर पॉवर सप्लायवर. १०५० टीआय चालत होते तेवढ्याच साध्या पॉवर सप्लायवर नवे मोठे कार्ड चालेल असे नाही. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात आणि कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. म्हणजे कार्डासोबत आणखी एक खर्च आला. यूपीएसचेही पाहावे. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार घेतो. वीज गेल्यावर मोठ्या कार्डाचा संगणक त्याच्यावर टिकला नाही तर अर्धी निघालेली फिल्म जाते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कितीदा जाते ते सांगायला नको. जुन्या पॉवर सप्लायला धक्का न लावता कार्ड बदलायचे असेल तर आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे मॉडेल सोयीचे. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, ७० वॅट घेते आणि त्याच्या बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. २०२५ मध्ये ते साधारण पंधरा ते वीस हजारांच्या घरात मिळत होते.

नावात मात्र फसगत आहे. याच ३०५० चे २०२२ साली आलेले ८ जीबीचे मॉडेल वेगळे आहे. दोघांत फक्त मेमरीचा फरक असावा असे वाटते, प्रत्यक्षात ६ जीबीच्या चिपमध्ये काम करणारे घटकही कमी आहेत. जीटी १०३० या स्वस्त कार्डाचेही दोन प्रकार निघाले, आणि डीडीआर४ मेमरीचा प्रकार मूळ जीडीडीआर५ च्या तुलनेत फारच हळू आहे. दुकानात दोन्हींना एकच नाव. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी २०२२ सालचे म्हणून नवे वाटते, पण व्हिडिओ तयार करून काढण्याची हार्डवेअरची सोयच त्यात दिलेली नाही. फिल्म करणाऱ्या मुलाने ते घेतले तर कपाळाला हात. म्हणून मोठा आकडा आणि अलीकडचे साल बघून पैसे देऊ नयेत, पूर्ण मॉडेलचे नाव लिहून न्यावे आणि बिलावर तेच लिहून घ्यावे.

आपल्याकडची मुले खरेदीला बहुधा मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला जातात. तिथे भाव करता येतो, वापरलेली कार्डेही मिळतात. वापरलेले घेताना थोडा इतिहास माहीत असावा. आभासी चलनाच्या खाणकामासाठी २०२१ मध्ये जगभर कार्डांवर झडप पडली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ते काम कार्डांवर करणे बंद झाले. दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यातली सगळीच वाईट नसतात, पण पंखे झिजलेले असतात. बनावट कार्डांचा प्रकार याहून वाईट. फार जुन्या कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून ते १०५० टीआय म्हणून विकले गेल्याची प्रकरणे जगभर घडली आहेत. जीपीयू-झेड हे छोटे, फुकट सॉफ्टवेअर अशी बरीच नक्कल ओळखून सांगते. पैसे देण्यापूर्वी दुकानातच कार्ड चालू करून ते बघावे. दुकानदार नको म्हणाला तर दुसरे दुकान शेजारीच आहे.

आखातातून कार्ड मागवण्याचा मोहही आवरावा असे आम्हाला वाटते. भाऊ सुट्टीवर येताना प्रेमाने घेऊन येतो, पण तिथल्या कार्डाची वॉरंटी इथे चालेलच असे नसते. चॉकलेट आणि अत्तर आणावे, कार्ड इथल्या बिलावर घ्यावे. जीएसटी नोंदणी असलेल्याने बिल धंद्याच्या नावाने घ्यावे, म्हणजे कराचा परतावा हिशेबात धरता येतो.

राहिला प्रश्न वेळेचा. रमजानमध्ये आपल्याकडे लग्ने नसतात, त्यामुळे लग्नाचे काम करणाऱ्याला तो महिना मोकळा. ईदनंतर मे अखेरपर्यंत सुट्टीवर आलेल्या मंडळींची लग्ने लागोपाठ, आणि ती संपतात न संपतात तोच जोह्याचे कॅटलॉग. १४ सप्टेंबर २०२६ ला गणेश चतुर्थी आहे, म्हणजे फोटोंचे काम त्याच्या कितीतरी आधी आटोपलेले हवे. या दोन हंगामांच्या मध्ये संगणक उघडू नये. सफाई, रॅम, कार्ड जे काही करायचे ते रमजानमध्ये नाही तर विसर्जनानंतर. आणि नवे कार्ड बसवल्यावर जुने लगेच विकायची घाई नको. ते कोरडे करून, प्लास्टिकच्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटावर ठेवावे, आणि नव्या कार्डावर एक अख्खे लग्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत निघाल्यावरच त्याचे गिऱ्हाईक शोधावे.